सफरचंदांच्या मागावर तीन दिवस : वूल्सथॉर्प, साउथवेल, ब्रॉग्डेल

इंग्लंडच्या सहलीत न्यूटनचं घर कुणी घातलंच, तर ते जाता जाता अर्ध्या तासात ‘उरकायचं’ ठिकाण म्हणून. तिथल्या सफरचंदाच्या झाडापाशी फोटो काढायचा आणि पुढे निघायचं. त्या झाडासाठी, आणि त्याच्या जोडीने आणखी दोन जागांसाठी, तीन दिवस राखून ठेवले तर मात्र इंग्लंडच्या फळबागांचा इतिहास पायी फिरून बघता येतो. पहिल्या ठिकाणी जुनं झाड पडूनही जगलं. दुसऱ्या ठिकाणी जुन्या झाडाला रोगाने गाठलं, पण त्याची लेकरं देशभर पसरली. तिसऱ्या ठिकाणी झाडं जुनी नाहीतच, जुनी आहेत ती त्यांची वाणं. याच क्रमाने गेलेलं बरं. उलट गेलात तर तिसऱ्या जागेच्या रांगा नुसत्या रांगाच वाटतील.

काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. त्याआधी उशिराची वाणं कच्ची असतात आणि नोव्हेंबरात झाडावर फारसं काही उरत नाही. फुलं बघायची असतील तर एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला पंधरवडा, पण मग चव घेता येत नाही. पावसाळी जाकीट आणि चिखलाचे बूट हवेतच. बागांतलं गवत सकाळी अकरापर्यंत ओलं असतं, कापडी बूट दहा मिनिटांत आतपर्यंत भिजतात.

दिवस पहिला : वूल्सथॉर्प

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ग्रँथमला थेट गाड्या आहेत, सव्वा तास धरावा. तिकीट काही आठवडे आधी काढलं तर स्वस्त पडतं, ऐनवेळी खिडकीवर काढलं तर त्याच गाडीला दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. ग्रँथमपासून न्यूटनचं घर दक्षिणेला साधारण १२ किलोमीटर. बस आहे पण मोजकी, आणि रविवारी तिच्यावर भिस्त ठेवू नये. दोघं-तिघं असाल तर टॅक्सी परवडते. परतीची वेळ मात्र उतरतानाच ठरवून घ्यावी, गावात टॅक्सी उभी नसते.

इथे एक गोम आहे. ग्रँथमच्या आसपास वूल्सथॉर्प नावाची दोन गावं आहेत. एक वूल्सथॉर्प-बाय-कोल्स्टरवर्थ, हे आपलं. दुसरं वूल्सथॉर्प-बाय-बीव्हर, पार पश्चिमेला, किल्ल्याच्या पायथ्याशी. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘वूल्सथॉर्प’ टाकलं आणि पहिलं नाव दाबलं की माणूस दुसऱ्या गावात जाऊन पोचतो. टॅक्सीवाल्याला ‘कोल्स्टरवर्थ’ म्हणून सांगावं. घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. उघडं असण्याचे वार ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारीख बघावी. घरात शिरायला काही दिवशी वेळ ठरवून घ्यावी लागते.

‘मॅनर’ हा शब्द ऐकून कुणी महालाची अपेक्षा धरली तर निराशा होईल. हे राखाडी-पिवळसर चुनखडीच्या दगडाचं, दोन मजली, खात्यापित्या शेतकऱ्याचं घर आहे. न्यूटनचे आजोबा रॉबर्ट यांनी १६२३ मध्ये ही जहागीर विकत घेतली. उत्पन्न मेंढ्या आणि धान्याचं. न्यूटनचे वडील ऑक्टोबर १६४२ मध्ये वारले आणि मुलगा त्यानंतर जन्मला, जुन्या इंग्लिश पंचांगाप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ला. आजच्या पंचांगाने ती तारीख ४ जानेवारी १६४३ येते. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन साल दिसली तर गोंधळून जाऊ नये. मूल तीन वर्षांचं असताना आईने दुसरं लग्न केलं आणि ती शेजारच्या गावी गेली. मुलगा आजीपाशी याच घरात वाढला.

आत छत ठेंगणं, फरशी उंचसखल, जिना अरुंद. पाठीवरची मोठी पिशवी दारात ठेवून जावं. घर बघताना लोक फर्निचर बघतात, पण ते बहुतेक त्या काळातलं म्हणून नंतर आणून मांडलेलं आहे. बघायच्या त्या भिंती. गिलाव्यावर ओरखडे आहेत: वर्तुळं, रेघा, इमारतींच्या आकृत्या. २०१७ मध्ये खालच्या दिवाणखान्यातल्या शेकोटीशेजारी एका पवनचक्कीचं चित्र सापडलं. भिंतीवर वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून काढलेले फोटो संगणकावर एकत्र केल्यावर ते उमटलं. साध्या डोळ्यांना ते जेमतेम दिसतं. समोरून बघू नये, भिंतीला गाल लावल्यासारखं तिरकं उभं राहून बघावं, म्हणजे ओरखड्याच्या कडेला सावली धरते. ते न्यूटननेच काढलं असं सिद्ध झालेलं नाही. पण ग्रँथमला शिकत असताना तो पवनचक्कीच्या प्रतिकृती करायचा हे त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवलंय.

वरच्या खोलीच्या खिडकीतून समोरची बाग दिसते, आणि बागेत ते झाड.

१६६५च्या प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं तेव्हा न्यूटन इथे परतला. मधला थोडा काळ सोडला तर १६६७च्या वसंतापर्यंत तो इथेच होता. डोक्यात सफरचंद पडल्याची गोष्ट मात्र सोडून द्यावी. गोष्टीचा भक्कम धागा न्यूटनचे स्नेही आणि चरित्रकार विल्यम स्टुकली यांच्याकडे आहे. १५ एप्रिल १७२६ रोजी जेवणानंतर लंडनमध्ये सफरचंदांच्या झाडांखाली चहा घेत असताना म्हाताऱ्या न्यूटनने त्यांना सांगितलं, की फळ सरळ खालीच का पडतं, बाजूला किंवा वर का जात नाही, हा विचार अशाच एका प्रसंगी मनात आला. डोक्यावर पडल्याचा उल्लेख त्यात नाही. कोणतं झाड तेही नाही. पण त्या बागेत सफरचंदाचं हेच झाड होतं असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आणि म्हणून ते जपलं गेलं.

झाडाचं वाण फ्लॉवर ऑफ केंट. फळ मोठं, अंगावर बोथट धारा असलेलं, वेडंवाकडं, हिरव्या सालीवर तांबूस झाक. जात स्वयंपाकाची. कच्चं खाल्लं तर आंबट, आणि पिकून राहिलं की गर पिठूळ होतो. बाजारातून हे वाण केव्हाच गेलं. न्यूटनचं नाव चिकटलं नसतं तर ते बहुधा नाहीसंही झालं असतं.

१८२० मध्ये वादळात हे झाड आडवं झालं. मोडलेल्या फांद्यांचे लोकांनी आठवण म्हणून तुकडे नेले. त्यातलाच एक २०१० मध्ये अंतराळयानातून पृथ्वीबाहेर फिरवून आणला. पण मुळं सगळी उपटली गेली नव्हती. अशा वेळी काय होतं ते झाडाजवळ उभं राहून नीट बघावं. मातीत राहिलेली मुळं आडव्या खोडाला पाणी पुरवत राहतात. सालीखाली निजलेले डोळे, म्हणजे सुप्त कोंब, वरच्या बाजूने फुटतात, आणि त्यांतला एखादा फुटवा सरळ वर जाऊन नवं खोड होतं. जिथे जुनं खोड मातीला टेकतं तिथून नवी मुळंही सुटू शकतात, दाब कलमासारखी. हा फुटवा मूळ झाडाच्या लाकडातून आला म्हणून वाण तेच राहिलं. कलमी झाड पडलं आणि कलमाच्या सांध्याखालून कोंब आला तर तो खुंटाचा असतो, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलं त्याचा. मग फळ दुसरंच लागतं, आणि कित्येक जुन्या बागांत ‘आजोबांचं झाड’ म्हणून जपलेलं झाड असं मुळात खुंटाचंच निघतं. वूल्सथॉर्पचं झाड चारशे वर्षांच्या घरातलं मानलं जातं. सफरचंदाचं मोठं झाड साधारण ८० ते १०० वर्षं जगतं, हे लक्षात घेतलं की त्या पडण्याचं मोल कळतं.

झाडाभोवती बुटकं, वेताच्या विणीचं कुंपण आहे. फोटोला आड येतं म्हणून लोक कुरकुरतात. कुंपण काड्या मोडणाऱ्यांसाठी असेल असं वाटतं, पण खरा धोका पायांचा. सफरचंदाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात. वर्षभर हजारो पाय त्याच वर्तुळात फिरले की माती दडपते, तिच्यातली हवा जाते, पावसाचं पाणी मुरण्याऐवजी साचतं आणि ही मुळं गुदमरून कुजतात. वर पानं लहान पडू लागतात, शेंड्याच्या काड्या वाळतात, आणि तोपर्यंत दोन-तीन वर्षं उलटून गेलेली असतात. कोकणात घराच्या अंगणातल्या हापूसच्या बुंध्याशी गाड्या लावायला लागल्यापासून झाड का रोडावलं, याचं उत्तर हेच.

जगभरात ‘न्यूटनचं झाड’ म्हणून जी झाडं आहेत ती याच्या काड्या नेऊन बांधलेली कलमं. झाड पडलं त्या सुमारास जवळच्या बेल्टन इथे कलमं बांधून ठेवली होती. १९३०च्या दशकात काड्या केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात गेल्या आणि तिथून देशोदेशी. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातही या झाडाची कलमं लावली होती. मात्र सफरचंदाला हिवाळ्यात थंडीची झोप लागते. जुन्या युरोपीय वाणांना सुमारे ७ अंशांखालचे ८०० ते १,००० तास तरी मिळावे लागतात. ते न मिळाले तर डोळे एकदम फुटत नाहीत, फांदीच्या टोकाला चार पानं येतात आणि मधली काडी उघडी राहते. फूल आलं तरी महिनाभर रेंगाळत येतं. नाशिक-नगरकडे हल्ली सफरचंद लावणारे शेतकरी एचआरएमएन-९९, ॲना, डॉर्सेट गोल्डन अशी कमी थंडीची वाणं घेतात ती म्हणूनच.

सगळं मिळून तीन तास पुरतात. मुक्काम ग्रँथमला.

दिवस दुसरा : साउथवेल

ग्रँथमहून नेवार्क नॉर्थगेट रेल्वेने पंधरा मिनिटांच्या आत येतं. तिथून पश्चिमेला साउथवेल १३ किलोमीटरच्या आसपास, बस आहे. गाव लहान, त्याचं चर्च मात्र चक्क कॅथीड्रल. बांधकाम ११०८च्या सुमारास सुरू झालं. वेळ थोडा असेल तर मुख्य दालनातून सरळ चॅप्टर हाउसकडे, म्हणजे धर्मगुरूंच्या सभागृहाकडे जावं. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या पाथरवटांनी तिथल्या खांबांच्या माथ्यावर पानं कोरली आहेत: ओक, मेपल, हॉथॉर्न, हॉप, द्राक्ष, आयव्ही. नक्षीची पानं नव्हेत, झाड ओळखता येईल अशी. ओकच्या पानाची बोटं लांबट पानाच्या दोन्ही कडांना आणि मेपलची तळहाताच्या पंजासारखी पसरलेली, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी पानं ओळखता येतात. छोटी विजेरी सोबत असावी.

चर्चपासून चालत काही मिनिटांवर, चर्च स्ट्रीटवरच्या एका साध्या घराच्या मागे ब्रॅमली या सफरचंदाचं मूळ झाड वाढलं. १८०९ मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बिया रुजवल्या, त्यातलं एक रोप बागेत लागलं. ती पुढे लग्न होऊन गेली. १८४६ मध्ये मॅथ्यू ब्रॅमली या खाटकाने घर घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर हा १७ वर्षांचा नर्सरीवाल्याचा मुलगा काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅमलीने अट घातली की फळाला नाव माझं द्यायचं. म्हणून बी लावणारी मुलगी नावात नाही आणि घर विकत घेणारा खाटीक आहे. मेरीवेदरच्या वहीतली पहिली विक्री ३१ ऑक्टोबर १८६२ची: तीन सफरचंदं, दोन शिलिंग. आज इंग्लंडात स्वयंपाकाचं सफरचंद म्हणजे ब्रॅमली, दुसरं नाव घ्यावंच लागत नाही.

बियांपासून असं झाड निघणं हा नशिबाचा भाग. सफरचंद स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, प्रत्येक बी दोन वेगळ्या झाडांचं असतं. त्यामुळे आवडलेल्या सफरचंदाची बी पेरली तर रायवळ आंब्याच्या कोयीसारखं काहीही निघू शकतं, आणि बहुतेक वेळा आंबट, बारीक असंच निघतं. चांगलं निघालेलं झाड टिकवायचं तर काडी काढून दुसऱ्या खुंटावर बांधणं, हा नेहमीचा मार्ग. मेरीवेदरने ते केलं नसतं तर हे फळ त्या परसातच राहिलं असतं.

परस खासगी आहे. रस्त्यावरून घराच्या भिंतीवरची पाटी दिसते, झाड दिसत नाही. खास ठरवलेल्या दिवशीच आत जाता येतं, म्हणून गावातल्या पर्यटन कचेरीत आधी विचारावं आणि नाही म्हणाले तर कुंपणावरून डोकावू नये. १९०० मध्ये हेही झाड वादळात पडलं होतं आणि त्याच रीतीने पुन्हा उठलं. नंतर त्याला हनी फंगसने, म्हणजे मुळं खाणाऱ्या आर्मिलेरिया बुरशीने गाठलं. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. ओळखायच्या खुणा तीन. शरदात बुंध्यापाशी मधाच्या रंगाच्या छत्र्यांचे झुबके. मातीत काळ्या, बुटाच्या नाडीसारख्या दोऱ्या, ज्यांच्या वाटेने ती एका झाडाकडून दुसऱ्याकडे सरकते. आणि बुंध्याची साल सुरीने उचलली तर खाली पांढरा, अळंब्यांचा वास येणारा थर. हा थर बुंध्याला वेढून आला की झाड गेलं. औषध नाही. आजारी झाडाचा बुंधा आणि मुळं खणून काढायची आणि त्याच खड्ड्यात पुन्हा सफरचंद लावायचं नाही, एवढंच हाती असतं. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात १९५४ मध्ये लावलेलं न्यूटनच्या झाडाचं कलम फेब्रुवारी २०२२च्या वादळात कोसळलं, तेही याच बुरशीने आतून पोखरलेलं होतं. तिथे आधीच कलमं बांधून ठेवलेली होती. जुन्या झाडांचा सांभाळ म्हणजे शेवटी हीच तयारी. ब्रॅमलीच्या बाबतीत नॉटिंगहॅम विद्यापीठाने १९९०च्या दशकात ऊतीसंवर्धनाने मूळ झाडाची रोपं तयार केली. ती खुंटावर नाहीत, स्वतःच्या मुळांवर आहेत.

परसात ब्रॅमली लावू पाहणाऱ्यांसाठी, आणि इंग्लंडात स्थायिक झालेली बरीच मराठी मंडळी तो लावतात, एक इशारा. ब्रॅमलीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तीन संच असतात, ३४च्या जागी ५१. झाड त्यामुळे दांडगं वाढतं, पण पराग जवळपास निकामी. ब्रॅमली आणि कॉक्स (हे नुसतं खायचं वाण) अशी दोनच झाडं लावली तर कॉक्सचा पराग ब्रॅमलीला मिळतो, कॉक्सला मात्र कुणाचाच मिळत नाही. झाडं तीन हवीत, तिन्हींचा बहर एकाच सुमाराचा. शेजारच्या परसात सफरचंद असेल तर मधमाश्या काम भागवतात. गावाबाहेरच्या एकट्या घरात भागत नाही. शिवाय ब्रॅमलीची फळं बरीचशी फांदीच्या टोकाला धरतात. हिवाळ्यात सगळे शेंडे नीटनेटके कातरले की पुढच्या वर्षी पानंच पानं दिसतात.

गावातल्या बेकरीत ब्रॅमलीचा ‘ॲपल पाय’ मिळतो, तो गरमच खावा. फळाची आंबट धार शिजल्यावरही टिकते आणि गर विरघळून फेसासारखा होतो, तुकडे राहत नाहीत. ज्यांना पायमध्ये फोडी लागतात त्यांनी अर्धी ब्रॅमली आणि अर्धी कॉक्स घ्यावी. कैरी मिळत नाही म्हणून ब्रॅमलीचं लोणचं घालायचं तर ते ताजं आणि थोडंच घालावं. मीठ लागताच याला कैरीपेक्षा जास्त पाणी सुटतं आणि फोड मऊ पडते. सालीसकट चिरावं, फोडणी पूर्ण गार करून ओतावी आणि फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावं.

संध्याकाळी नेवार्कहून लंडनला परत. किंग्ज क्रॉससमोर रस्ता ओलांडला की सेंट पँक्रस. तिथून फॅव्हरशॅमला वेगवान गाडी, तास-सव्वा तास. मुक्काम फॅव्हरशॅमला केला तर तिसरा दिवस पूर्ण हाती लागतो.

दिवस तिसरा : ब्रॉग्डेल

केंट परगण्याला इंग्लंडची बाग म्हणतात आणि त्याला कारण आहे. आठव्या हेन्रीचा फळबागायतदार रिचर्ड हॅरिस याने १५३३ मध्ये फॅव्हरशॅमजवळच्या टेनम इथे फ्रान्स आणि नेदरलँड्सकडून आणलेल्या कलमांची बाग उभी केली. लंडनचा बाजार नदीच्या वाटेने जवळ, माती सुपीक, पाऊस इंग्लंडच्या मानाने कमी. पाऊस कमी म्हणजे पानाफळांवरचे खवल्यांचे डाग आणि फांद्यांवरचे कँकरचे खड्डे कमी. पश्चिमेकडच्या ओल्या परगण्यांत जी नाजूक वाणं तग धरत नाहीत ती इथे धरतात.

स्थानकापासून ब्रॉग्डेल फार्म चालत अर्ध्या तासावर. इथे ब्रिटनचा राष्ट्रीय फळसंग्रह आहे: सुमारे १५० एकर, २,०००हून अधिक वाणं एकट्या सफरचंदाची, शिवाय पेअर, प्लम, चेरी, हेझलनट आणि काही क्विन्स, मेडलर. संग्रह पूर्वी लंडनजवळच्या विस्लीला होता, १९५२ मध्ये इथे हलवला. असा संग्रह हलवायचा म्हणजे झाडं उपटून न्यायची नसतात, काड्या नेऊन नव्या खुंटांवर बांधायच्या असतात. त्यामुळे जी झाडं समोर दिसतात ती वयाने लहान आणि वाणाने शेकडो वर्षांची.

पहिल्या नजरेत ही जागा निराश करते, हे आधीच सांगून ठेवतो. वूल्सथॉर्पसारखं दगडी घर नाही, वाकलेलं खोड नाही. तारेला बांधलेल्या बुटक्या झाडांच्या सरळ रांगा, प्रत्येक वाणाची दोन झाडं, पायथ्याशी पाटी. दोन झाडं अशासाठी, की एक मेलं तर दुसऱ्यावरून काडी घेता यावी. आपण आपलं भटकत बसण्यापेक्षा माहितगारासोबतची फेरी घ्यावी. फेरीत फळ कापून चाखायला मिळतं, एकट्याला झाडाला हात लावता येत नाही. फेऱ्यांच्या वेळा आणि ऑक्टोबरातल्या सफरचंद उत्सवाची तारीख आधी बघून ठेवावी.

सफरचंदाच्या झाडाची उंची वाणापेक्षा खुंट जास्त ठरवतो. जगातले बहुतेक ठेंगणे खुंट जिथे निवडले गेले ते ईस्ट मॉलिंग इथून फार लांब नाही. खुंटांच्या नावातला ‘एम’ त्याच गावाचा. एम ९ वर झाड अडीच-तीन मीटरवर थांबतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळतं, पण मुळं ठिसूळ, जन्मभर आधाराची काठी लागते. एमएम १०६ वर चार-पाच मीटर, परसासाठी बरा. एम २५ वर सहा मीटरच्या वर, खाली मेंढ्या चरतील असा जुन्या पद्धतीचा वृक्ष, पण फळाला सहा-सात वर्षं थांबावं लागतं. मेंढ्या सोडायच्या असतील तर पहिली फांदी पावणेदोन-दोन मीटर उंचीवर हवी आणि तांब्याची बुरशीनाशकं टाळावीत. मेंढीला तांबं फार लवकर विषारी ठरतं. संग्रहासाठी बुटका खुंट सोयीचा, कारण थोड्या जागेत बरीच वाणं बसतात. त्याची किंमत म्हणजे झाडाचं आयुष्य कमी आणि दर काही दशकांनी सगळं पुन्हा बांधायचं.

बांधायचं कसं, हे बाग चालवणाऱ्यांकडून ऐकण्यासारखं आहे. काडी जानेवारीत काढतात, झाड पूर्ण झोपेत असताना. गेल्या उन्हाळ्यात वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड, वीस-पंचवीस सेंटिमीटर. ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, २ ते ४ अंशांवर मार्चपर्यंत ठेवतात. त्याच फ्रिजमध्ये पिकलेली फळं ठेवायची नाहीत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने काडीवरचे डोळे मरतात. मार्चमध्ये खुंटात रस चढू लागतो. खुंटाला आणि काडीला सारखाच तीन-चार सेंटिमीटरचा तिरका काप, सुरीच्या एकाच ओढीत. मग दोन्ही कापांवर एकेक उभी चीर देऊन जिभल्या एकमेकींत अडकवायच्या. काडीवर तीन-चार डोळे ठेवायचे, वर मेण, सांध्याला घट्ट पट्टी. सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूला तरी थराला भिडला पाहिजे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध न ठेवता एका कडेला लावायची. नवशिक्यांची कलमं बहुतेक इथेच जातात. पट्टी सहा-आठ आठवड्यांनी सोडायची. विसरली तर खोडाला करकोचा पडतो आणि पहिल्या जोरदार वाऱ्यात झाड तिथूनच मोडतं.

कलम जगलं तरी लावताना आणखी एक चूक होते: सांधा मातीखाली जातो. मग काडीलाच मुळं फुटतात, खुंटाचा अंमल संपतो आणि तीन मीटरचं म्हणून आणलेलं झाड सात मीटर होतं. सांधा जमिनीपासून निदान १० सेंटिमीटर वर हवा.

रांगांमध्ये काय शोधायचं? फ्लॉवर ऑफ केंट तर आहेच, आणि पहिल्या दिवशीचं झाड बघून आल्यावर तेच वाण इथे डोक्याएवढ्या उंचीवर फळलेलं बघणं चुकवू नये. कॅट्सहेड हे कोनाकोनांचं, मांजराच्या डोक्यासारखं स्वयंपाकाचं फळ. डेचिओ हे छोटं, रोमनांच्या काळापासून चालत आल्याचं सांगतात, आणि सांगतात एवढंच. कूर्त पांद्यू प्ला चपटं, देठ जेमतेम. ते सगळ्यांच्या नंतर फुलतं म्हणून वसंतातल्या उशिराच्या कडाक्यातून वाचतं. नॉबी रसेट बघून कुणी तोंडात घालणार नाही, बटाट्याला फोड आल्यासारखं रूप, चव मात्र सुकामेव्याची. रिब्स्टन पिपिन यॉर्कशरचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, कॉक्सची आई म्हणून पूर्वापार सांगितलं जाणारं. कॉक्स ऑरेंज पिपिन रिचर्ड कॉक्स या निवृत्त दारू-कारखानदाराने १८२५-३०च्या सुमारास बियांतून वाढवलं. इंग्रज त्याला सफरचंदांचा राजा मानतात, पण कँकर, डाग, भुरी असा एकही रोग त्याला सोडत नाही. परसात पहिलंच झाड म्हणून ते लावू नये.

चव घेताना आंबट वाणांपासून गोडाकडे जाऊ नये, तोंड आंबल्यावर गोडातला बारकावा कळत नाही. आधी सौम्य, मग सुगंधी, मग रसेट (खरखरीत तपकिरी सालीची), स्वयंपाकाची शेवटी. दोन घासांमध्ये पाणी आणि सुकं बिस्कीट. फळ पिकलंय का हे रंगावरून ठरवू नये. तळहात खाली धरून फळ हलकेच उचलून वळवावं. देठ आपणहून सुटला तर तयार. कापून बी बघावी, तपकिरी झाली असेल तर काढणीची वेळ आली. बी गडद असूनही गर कडक-आंबट लागला तर ते साठवणीचं वाण आहे. ॲशमीड्स कर्नल असंच. ऑक्टोबरात विकत घेतलं तर लगेच कापू नये. एकेक फळ कागदात गुंडाळून, एकमेकांना न टेकवता, गार अंधाऱ्या जागी ठेवावं. डिसेंबर-जानेवारीत त्याला पेअर ड्रॉप गोळीसारखा वास येतो आणि आंबटपणा मुरतो. दर आठवड्याला चाचपून मऊ पडलेलं काढून टाकावं. अळीने भोक पाडलेलं किंवा पडून दबलेलं फळ साठवणीत घालूच नये, ते आधी खावं.

दुकानात जुन्या वाणांची फळं, रस आणि हिवाळ्यात पोचवायची झाडं मिळतात. काड्यांचीही मागणी नोंदवता येते, पण ती इंग्लंडात राहणाऱ्यांनी. भारतात काडी, रोप किंवा बी सामानात घालून नेऊ नये. त्यासाठी आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर विमानतळावर जप्ती होते. फळंही नेऊ नयेत, विमानात बसण्याआधी खाऊन संपवावीत. लंडनला परतणारी गाडी फॅव्हरशॅमहून संध्याकाळीही असते, पण रविवारी मार्गावर दुरुस्तीची कामं काढतात आणि मध्येच बसमध्ये बसवतात, म्हणून ब्रॉग्डेलचा दिवस शनिवारच्या आत संपेल असा आखावा.